स्वसंरक्षणासाठी ताई ची, शिंग यी की बाग्वा? नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

चीनमधील ज्या युद्धकलांना आंतरिक म्हटले जाते, त्यांत ताई ची च्वान, शिंग यी च्वान आणि बाग्वा झांग या तीन कला प्रमुख मानल्या जातात. स्वतःचा बचाव करता यावा म्हणून यांपैकी एखादी शिकू इच्छिणाऱ्याच्या हाती सुरुवातीला जी माहिती पडते, ती बहुधा दोन टोकांची असते. काही जण सांगतात की या कलेतील गुरू स्पर्श न करताही माणसाला दूर फेकतात. काही जण तितक्याच ठामपणे सांगतात की हा बागेत सकाळी करायचा ज्येष्ठांचा व्यायाम आहे आणि मारामारीशी त्याचा काही संबंध नाही. दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. या कला लढण्यासाठीच घडल्या आणि योग्य तऱ्हेने शिकल्यास आजही त्या उपयोगी पडतात. मात्र त्यांच्या नावाने आज जे वर्ग चालतात, त्यांतील बहुसंख्य वर्गांत लढण्याचा भाग शिकवलाच जात नाही. त्यामुळे तिघींपैकी कोणती कला घ्यावी या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून थोडा अधिक विचार ती कोणाकडून आणि कोणत्या पद्धतीने शिकावी याचा करावा लागतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आपली गरज ठरवणे

रात्रपाळी संपवून एकटीने घरी परतणारी परिचारिका, गर्दीच्या लोकलमध्ये अंगचटीला येणाऱ्यांचा त्रास सोसणारी विद्यार्थिनी, दारू पिऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांशी अधूनमधून गाठ पडणारा दुकानदार आणि साठी ओलांडलेले, तोल जाण्याची धास्ती असलेले गृहस्थ, या चौघांनाही स्वसंरक्षण शिकायचे असते, पण चौघांना एकच शिक्षण देऊन चालत नाही. लोकलमधल्या विद्यार्थिनीला हात फिरवायलाही जागा नसते, म्हणून मनगट सोडवून घेणे, अंगावर रेलणाऱ्याचा भार बाजूला वळवणे आणि गर्दीत स्वतःपुरती जागा करणे ही तिची गरज आहे. दुकानदाराला समोरून येणारा पहिला फटका चुकवून लगेच प्रत्युत्तर देता आले पाहिजे. साठीच्या गृहस्थांना हल्लेखोरापेक्षा पडण्याचाच धोका मोठा असतो, आणि ताई चीच्या नियमित सरावाने वृद्धांमधील पडण्याचे प्रमाण घटते असे अनेक वैद्यकीय चाचण्यांत दिसून आले आहे. त्यांच्या बाबतीत निवड जवळजवळ ठरलेलीच आहे.

म्हणून वर्ग शोधायला निघण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्यात. आपल्याला कोणाकडून धोका संभवतो, तो कोणत्या जागी संभवतो, हल्लेखोर किती जवळ असेल, आणि आपल्याला ही क्षमता किती दिवसांत हवी आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन-तीन महिने असे असेल, तर या तिन्ही कला बाजूला ठेवून बॉक्सिंग, ज्यूदो किंवा एखादा चांगला अल्पमुदतीचा स्वसंरक्षण वर्ग गाठावा, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगेन. आंतरिक कलांमध्ये आधी शरीराची जुनी सवय मोडावी लागते, मग नवी बसवावी लागते, आणि त्याला वेळ लागतो. ज्याच्यापाशी किमान दीड-दोन वर्षे आहेत आणि रोज अर्धा तास देण्याची तयारी आहे, त्याने पुढे वाचावे. आणखी एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी : चाकू दाखवून पाकीट किंवा मोबाइल मागणाऱ्याला ती वस्तू देऊन तिथून निघून जाणे हेच कोणत्याही कलेत शहाणपणाचे ठरते, आणि जो शिक्षक नवशिक्यांना रिकाम्या हाताने चाकू हिसकावून घ्यायला सहजी शिकवतो, त्याच्यापासून लांब राहावे.

दुसरी पायरी : तिन्ही कला समजून घेणे

तिघींना एका कुटुंबात बसवण्याची कल्पना तशी अलीकडची आहे. सुन लुथांग (1860–1933) हे या तिन्ही कलांत निष्णात असलेले गुरू होते आणि 1915 पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनामुळे हे वर्गीकरण सर्वदूर रुजले; 1928 साली नानजिंग येथे स्थापन झालेल्या मध्यवर्ती राष्ट्रीय युद्धकला संस्थेनेही सुरुवातीला शाओलिन आणि वूदांग असे दोन विभाग करून या तिन्ही कला वूदांग विभागात घातल्या होत्या. तिघींमध्ये समान सूत्र आहे ते शक्ती निर्माण करण्याच्या पद्धतीचे. खांदे आणि छाती सैल सोडायची, पाठीचा कणा सरळ ठेवायचा, जोर तळपायातून उचलून पाय आणि कंबर यांच्या द्वारे हातापर्यंत पोहोचवायचा, आणि शरीराचा एक भाग हलला की सारे शरीर त्याबरोबर हलले पाहिजे, असा सगळा कटाक्ष असतो. दंडाच्या स्नायूंनी ढकलण्याची सवय लागलेल्या माणसाला हे सुरुवातीला अगदी दुबळे वाटते. एवढे साम्य सोडले तर तिघींचा स्वभाव फार वेगळा आहे.

ताई चीचा ज्ञात इतिहास हेनान प्रांतातील वेन परगण्यातल्या चेनजियागोउ या खेड्यापासून सुरू होतो. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग यांनी ही घराण्याची कला घडवली असे मानले जाते. एकोणिसाव्या शतकात हेबेई प्रांतातील यांग लुचान (1799–1872) या बाहेरच्या माणसाने चेन चांगशिंग यांच्याकडून ती आत्मसात केली, पुढे बीजिंगमध्ये राजघराण्यातील लोकांना शिकवली, आणि तिथून यांग, वू, सुन अशा शाखा फुटत गेल्या. यांग लुचान यांचे नातू यांग चेंगफू यांनी मोठ्या, संथ आणि एकसारख्या हालचालींची जी पद्धत रूढ केली, तीच आज जगभर सर्वाधिक दिसते. 1956 साली चीनच्या क्रीडा समितीने तिच्यावरूनच 24 हालचालींचा एक छोटा संच तयार केला. पाच-सहा मिनिटांत पूर्ण होणारा हा संच आरोग्यासाठी उत्तम असला, तरी तो लढण्याचे शिक्षण म्हणून कधीच आखलेला नव्हता. बहुतेक वर्गांत हाच संच शिकवला जातो, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. 2020 मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्यापासून आरोग्यवर्गांना आणखी बहर आला आहे.

लढण्याच्या दृष्टीने ताई चीचा गाभा जोडीने करायच्या सरावात आहे, ज्याला चिनी भाषेत थुइ शौ आणि इतरत्र पुश हँड्स म्हणतात. दोघांचे हात एकमेकांना चिकटलेले ठेवून समोरच्याचा जोर कुठून येतो आहे हे त्वचेने ओळखायचे, त्याला विरोध न करता कंबर वळवून तो बाजूने जाऊ द्यायचा, आणि त्याचा तोल सुटला की ढकलायचे, खेचायचे, पाडायचे किंवा कोपर-खांद्याने आघात करायचा. म्हणजे ही कला पकड, रेटारेटी आणि झोंबाझोंबी या अंतरावर सर्वाधिक कामाला येते. चेन शाखेत संथ हालचालींच्या जोडीला अचानक सुटणारे आघात, पाय आपटणे आणि पाओ च्वे नावाचा वेगवान संच जपलेला आहे, त्यामुळे लढाऊ बाजू तिथे अधिक उघडपणे दिसते. पण यांग आणि वू शाखांमध्येही ती असते, शिक्षकाला माहीत असली पाहिजे इतकेच.

शिंग यी ही शान्शी आणि हेबेई प्रांतांत वाढलेली कला. तिचे मूळ सतराव्या शतकातील शान्शीच्या जी जिके यांच्याकडे नेले जाते, आणि परंपरा सांगते की भाल्याच्या तंत्रावरून त्यांनी हाताच्या चाली बसवल्या. आजच्या स्वरूपाचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील ली लुओनेंग आणि त्यांच्या शिष्यांना दिले जाते. व्यापाऱ्यांच्या मालाचे आणि वाटसरूंचे रक्षण करण्याचा व्यवसाय करणाऱ्यांमध्ये ही कला प्रिय होती, आणि चिनी प्रजासत्ताकाच्या काळात सैनिकांच्या संगीन-प्रशिक्षणासाठीही तिचा वापर झाला. तिची आखणी अगदी काटकसरीची आहे : पाच मूलभूत मुठी, बारा प्राण्यांच्या नावांच्या चाली आणि काही जोडसंच.

नवशिक्याला इथे सर्वप्रथम उभे राहायला शिकवतात. सान थी नावाच्या या पवित्र्यात शरीराचा साठ-सत्तर टक्के भार मागच्या पायावर असतो, पुढचा तळहात तोंडाच्या उंचीवर आणि त्याचे कोपर खाली झुकलेले असते, मागचा हात पोटापाशी असतो, आणि नाकाचा शेंडा, पुढच्या हाताचे बोट व पुढच्या पायाचा अंगठा एकाच उभ्या रेषेत येतात. दोन मिनिटांत मागची मांडी थरथरू लागते. या पवित्र्यातून पहिली मूठ, पी च्वान, सुटते : पुढचा हात मुठ वळून पोटापासून छातीच्या मध्यरेषेने वर चढतो आणि येणाऱ्या हाताला आतून भेदतो, पाऊल पुढे पडते, मागचा हात त्याच वाटेने जाऊन तळव्याने वरून खाली उतरतो, आणि मागचा पाय त्याच क्षणी पुढे ओढला जातो. हात, पाऊल आणि कंबर एकाच वेळी पोहोचली, तर तो आघात सबंध शरीराच्या वजनाचा होतो. हात आधी आणि पाय नंतर पोहोचला, तर ती नुसती चापट ठरते. महिनोन्‌महिने हीच एक चाल सरळ रेषेत पुढे-मागे करायची असते. अर्धे पाऊल टाकून बेंग च्वान या एकाच मुठीने सगळ्यांना नमवणाऱ्या क्वो युनशेन या गुरूंच्या दंतकथा या कलेत आवडीने सांगितल्या जातात, आणि त्यांतला अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी एक मूठ शेवटपर्यंत घोटण्याची वृत्ती त्यातून स्पष्ट कळते.

बाग्वा झांग तिघींमध्ये वयाने लहान. तिचे प्रवर्तक दोंग हायच्वान 1882 साली बीजिंगमध्ये वारले. या कलेत साधक वर्तुळावर चालत राहतो. आठेक पावलांत पुरे होणारे वर्तुळ, धड आणि नजर केंद्राकडे वळलेली, आतले पाऊल सरळ, बाहेरचे पाऊल किंचित आत वळवून टाकलेले, आणि मग अचानक पावलांची टोके आत-बाहेर वळवून दिशा पालटायची. या चालण्याचा उद्देश प्रतिस्पर्ध्यासमोर उभे न राहता त्याच्या बगलेला किंवा पाठीशी जाणे हा असतो; एकाहून अधिक माणसे अंगावर आली असता एका जागी खिळून न राहण्याची सवयही त्यातून लागते. मुठीपेक्षा तळहाताचा वापर अधिक होतो आणि फेकी व मुरगळण्या भरपूर असतात.

दोंग हायच्वान यांच्याविषयीची एक गोष्ट नवशिक्याने नीट लक्षात घ्यावी. त्यांच्या प्रमुख शिष्यांपैकी बरेच जण त्यांच्याकडे येण्यापूर्वीच दुसऱ्या कलेत तयार झालेले होते. इन फू यांना आधीपासून मूठयुद्धाचे शिक्षण होते, तर चष्म्यांचा व्यवसाय करणारे चेंग थिंगह्वा हे कुस्तीत मुरलेले होते. ज्याला मारणे, पाडणे आणि मार चुकवणे आधीच येत होते, त्याला बाग्वाने कोन आणि पाऊल दिले. ज्याला त्यांतले काहीच येत नाही, त्याने थेट वर्तुळापासून सुरुवात केली तर पहिली दोन-तीन वर्षे केवळ चालण्यातच जातात, असे माझे निरीक्षण आहे.

तिसरी पायरी : स्वभाव, शरीर आणि वेळ यांचा मेळ घालणे

तीनही कलांचे तितकेच चांगले शिक्षक जवळपास उपलब्ध असतील, असे क्षणभर धरून चालू. मग निरोगी गुडघ्यांच्या, वीस ते पंचेचाळीस वयाच्या, आधी काहीही न शिकलेल्या आणि बचाव हाच मुख्य हेतू असलेल्या व्यक्तीला मी शिंग यीपासून सुरुवात करायला सांगेन. शिकण्याच्या गोष्टी कमी आहेत, त्या सरळ आहेत, घाबरलेल्या अवस्थेतही आठवतील इतक्या मोजक्या आहेत, आणि पुढे पाऊल टाकण्याची जी वृत्ती ती अंगी बाणवते, ती भित्र्या माणसाला फार उपयोगी पडते. तिचा दोष असा की कंटाळा लवकर येतो आणि जोराचा हव्यास धरणारा विद्यार्थी खांदे आखडून घेतो.

ज्यांना पकडले जाण्याची, ढकलले जाण्याची किंवा अंगावर कोणी ओणवण्याची भीती अधिक आहे, ज्यांची शरीरयष्टी किरकोळ आहे, ज्यांची पन्नाशी उलटली आहे किंवा ज्यांना आयुष्यभर पुरेल असा व्यायामही हवा आहे, त्यांनी ताई ची निवडावी. मात्र लढण्याइतकी तयारी व्हायला तिला बाकीच्या दोघींहून जास्त काळ लागतो, आणि तो काळ पुश हँड्स करणाऱ्या वर्गात गेला तरच सत्कारणी लागतो. बाग्वा ही दुसरी कला म्हणून घ्यावी. कराटे, कुस्ती, ज्यूदो, बॉक्सिंग यांपैकी काही आधी केलेल्याला मात्र ती पहिल्या दिवसापासून आनंद देईल. कुस्तीच्या आखाड्यात काही वर्षे काढलेल्या मराठी तरुणाला तर बाग्वातील फेकी आणि पाय अडकवण्याच्या चाली पाहताक्षणी कळतील, कारण त्यांचे मर्म त्याच्या अंगात आधीच मुरलेले असते.

गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी तिन्ही कलांत जपून पाऊल टाकावे. खाली बसून पाऊल वळवताना भार त्याच पायावर ठेवला की गुडघ्याला पीळ बसतो, आणि हौशी साधकांच्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते.

चौथी पायरी : वर्ग प्रत्यक्ष पाहणे

वास्तवात निवड बरीचशी उपलब्धतेवर ठरते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ताई चीचे वर्ग मिळतात, पण त्यांतील पुष्कळसे आरोग्याला वाहिलेले असतात. शिंग यी आणि बाग्वा शिकवणारे फारच विरळ. वूशूच्या, म्हणजे चिनी युद्धकलांच्या, क्रीडासंस्थांमध्येही ताई ची शिकवतात, परंतु 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धांपासून वूशूचा जो क्रीडाप्रकार रूढ झाला, त्यात ताई चीला गुण मिळतात ते सादरीकरणातील अचूकपणा आणि सौष्ठव यांसाठी. त्याच संस्थांत सांदा नावाचा प्रत्यक्ष लढतीचा प्रकार शिकवला जात असेल, तर त्याची चौकशी अवश्य करावी. त्याचे कारण पुढे येईल. सिंगापूर, लंडन किंवा सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना निवडीला अधिक वाव आहे, पण तिथेही हीच पारख लागते.

नाव नोंदवण्यापूर्वी एकदा नवशिक्यांचा आणि एकदा जुन्या विद्यार्थ्यांचा, असे दोन तास बसून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी न देणारा वर्ग सोडून द्यावा. पाहताना सर्वांत आधी हे मोजावे की तासापैकी किती वेळ विद्यार्थी जोडीने सराव करतात. जुन्या विद्यार्थ्यांच्या तासात हा वेळ एक तृतीयांशाहूनही कमी असेल, तर तिथे लढणे शिकवले जात नाही असे समजावे, मग फलकावर काहीही लिहिलेले असो.

त्यानंतर जोडीच्या सरावाकडे बारकाईने पाहावे. समजा, दोघे उजवे पाय पुढे ठेवून उभे आहेत आणि त्यांची मनगटे एकमेकांना टेकली आहेत. एकाने दुसऱ्याच्या छातीकडे दाब दिला, की दुसरा काय करतो? तो मागे कलला आणि टाच उचलली गेली, तर त्याला अजून फार शिकायचे आहे. त्याचे खांदे कानाकडे चढले आणि त्याने जोराला जोर लावला, तर ती साधी रेटारेटी झाली. त्याची कंबर वळली, पुढच्या पायाच्या घडीत तो थोडा खाली बसला, दाब त्याच्या छातीजवळून घसरून गेला आणि दाबणाराच अर्धे पाऊल पुढे झेपावला, तर तिथे काहीतरी खरे शिकवले जात आहे. मग हेही पाहावे की हा सराव ठरलेल्या तालातच संपतो, की पुढे पावले मोकळी सोडून, तोल घालवण्याची खरी खटपट करत, कधी पडत-उठत चालू राहतो. वर्गात गाद्या आहेत का, मुठीच्या सरावासाठी हातमोजे आणि पॅड आहेत का, हल्ला करणारा विद्यार्थी खरोखर लागेल अशा अंतरावर हात टाकतो की हातभर अलीकडेच थांबतो, आणि बचाव फसला तर शिक्षक तो मान्य करून पुन्हा करायला लावतो की हल्ला करणाऱ्यालाच दटावतो, या गोष्टी अर्ध्या तासात कळून येतात.

शिक्षकाला विचारायला संकोच करू नये. आपण कोणाकडे, किती वर्षे शिकलात? या चालीचा उपयोग माझ्यावर हळू करून दाखवाल का, आणि मी हात सोडवण्याचा प्रयत्न केला तर चालेल का? नवशिक्याने लढण्याचा सराव कधीपासून सुरू करावा? चांगला शिक्षक या प्रश्नांनी सुखावतो आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर महिन्यांत देतो. दहा वर्षांनी आपोआप जमेल, असे उत्तर मिळाले तर तो वर्ग आरोग्यासाठी लावावा, बचावासाठी नव्हे. गुरुपरंपरेचा कागद उपयोगी असतो, कारण त्यावरून अभ्यासक्रम पूर्ण आहे की तुटक, याचा अंदाज येतो. पण नामवंत परंपरेतील माणूसही लढण्याचा सराव करत नसेल, तर त्याच्याकडून तो शिकता येणार नाही.

स्पर्शाविना माणसे उडवून दाखवणे, पैसे भरत गेल्यावर उघड होणारी गुपिते, दुसरीकडे शिकायला बंदी, आणि केवळ स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर चालणारे चमत्कार ही ठळक धोक्याची चिन्हे आहेत. 2017 साली चेंगदू येथे शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने स्वतःला ताई चीचे गुरू म्हणवणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांत जमिनीवर पाडले, आणि त्या चित्रफितीने चीनमध्ये मोठा वाद पेटवला. त्यावरून कला खोटी ठरत नाही. प्रतिकार करणाऱ्या माणसाशी सराव नसला की काय होते, ते मात्र दिसते. 1954 मध्ये मकाऊ येथे वू घराण्याचे वू कुंगयी आणि बगळाशैलीचे चान हाकफू यांची जाहीर लढत झाली, तीही दुसऱ्या फेरीत थांबवली गेली आणि कोणालाच विजयी घोषित केले नाही. ती चित्रफीत आजही पाहायला मिळते. पारंपरिक कलेतील दोन नामवंतही खऱ्या धुमश्चक्रीत किती ओबडधोबड दिसतात, हे नवशिक्याने एकदा जरूर पाहावे, म्हणजे स्वतःकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

पाचवी पायरी : पहिल्या वर्षाची आखणी

पहिले तीन महिने उभे राहणे, चालणे आणि सैल होणे यांना द्यावेत. झान झ्वांग, म्हणजे गुडघे किंचित वाकवून, हात छातीसमोर गोलाकार धरून स्थिर उभे राहणे, पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू पंधरा-वीस मिनिटांपर्यंत न्यावे. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहिला पाहिजे. मांडीची आग सहन करावी, गुडघ्यातील कळ मात्र कधीही सोसू नये. ती आली की ताबडतोब थोडे उंच उभे राहावे आणि शिक्षकाला सांगावे. संपूर्ण संच पाठ करण्याची घाई नसावी. त्यातील पहिला एक तृतीयांश भाग नीट बसला तरी वर्षभर पुरेसे काम मिळते.

चौथ्या महिन्यापासून जोडीचा सराव आठवड्यातून किमान दोनदा झाला पाहिजे. याच टप्प्यावर तीन-चार चाली निवडाव्यात आणि बाकीच्या तूर्त विसरून जाव्यात. ताई ची करणाऱ्याने मनगटाची पकड सोडवणे, छातीवरचा दाब वळवणे आणि जवळून कोपर-खांद्याचा आघात एवढे घ्यावे. शिंग यी करणाऱ्याने पी आणि बेंग या दोन मुठी व त्यांसोबत पुढे शिरण्याचे पाऊल एवढेच घ्यावे. या मोजक्या चाली वेगवेगळ्या उंचीच्या आणि वजनाच्या जोडीदारांबरोबर, उभ्याने, भिंतीशी पाठ लावून, खुर्चीवर बसून आणि खांद्याला पिशवी अडकवलेली असताना करून पाहाव्यात. ओरडण्याचाही सराव करावा. "मागे हो!" असे पोटातून, नजर रोखून ओरडता येणे पुष्कळांना मुठीपेक्षाही कठीण जाते, आणि कित्येक प्रसंग तेवढ्यावरच मिटतात. पडायला शिकणे तितकेच आवश्यक आहे. मान आत घेऊन, हनुवटी छातीला लावून गादीवर मागे आणि बाजूला लोळणे जमले, म्हणजे जोडीच्या सरावातील निम्मी भीती ओसरते.

सहा महिन्यांनंतर हातमोजे घालून, हलक्या जोराने पण न ठरवलेल्या क्रमाने हात टाकणाऱ्या जोडीदारासमोर उभे राहावे. आपल्या वर्गात ही सोय नसेल, तर आठवड्यातून एक दिवस सांदा, बॉक्सिंग किंवा ज्यूदोच्या वर्गाला जावे. काही परंपरावादी यावर नाक मुरडतात, पण सुन लुथांग यांनी तिन्ही कला वेगवेगळ्या गुरूंकडून शिकल्या होत्या आणि बाग्वाचे पहिले शिष्य आपापली जुनी विद्या घेऊनच आले होते, हे त्यांना आठवण करून देण्यासारखे आहे. ठोसा लागल्यावर डोळे न मिटणे ही गोष्ट एकट्याने संच करून अंगी येत नाही.

चित्रफिती पाहून संचाचा क्रम लक्षात ठेवायला मदत होते. समोरच्याचा जोर ओळखण्याची स्पर्शाची समज मात्र पडद्यावरून येत नाही, त्यामुळे जवळ शिक्षक नसेल तर वर्षातून काही दिवसांचे शिबिर आणि उरलेला काळ एखाद्या नियमित जोडीदारासह सराव, हा मार्ग धरावा.

सहावी पायरी : कायद्याची मर्यादा जाणणे

आंतरिक कलांत घसा, डोळे, सांधे यांवर जाणाऱ्या चाली शिकवल्या जातात, म्हणून त्या कधी वापरता येतात हेही विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाच्या हक्काच्या तरतुदी कलम 34 ते 44 मध्ये आहेत. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क त्यांत मान्य केला आहे. पण कलम 37 नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची किंवा अन्य सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाताशी असेल, तर हा हक्कच सांगता येत नाही. धक्का देणाऱ्याचा हात मुरगळून तो मोडणे, किंवा पळून जाणाऱ्याला गाठून मारणे, हे न्यायालयात बचाव म्हणून टिकणे अवघड आहे. परदेशी राहणाऱ्यांनी आपल्या देशातील कायदा वेगळा पाहून घ्यावा, कारण या मर्यादा सर्वत्र सारख्या नसतात.

म्हणून चालींच्या सरावाबरोबरच थांबण्याचाही सराव करावा : जोडीदार मागे सरला की आपणही दोन पावले मागे जायचे, हात छातीसमोर उघडे ठेवायचे, आजूबाजूला आणखी कोणी आहे का ते पाहायचे आणि बाहेर पडण्याची वाट धरायची. प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर सुरक्षित जागी पोहोचताच 112 वर फोन करावा, पाहणाऱ्यांची नावे व क्रमांक घ्यावेत, लहानसहान इजाही त्याच दिवशी डॉक्टरांकडून नोंदवून घ्यावी, आणि पोलीस ठाण्यात तक्रार देताना काय घडले ते क्रमाने, काहीही न वाढवता सांगावे.